प्रकाशाच्या वेगाने माणूस जाईल का? : परांड्याच्या तोफेपासून भाभांच्या घड्याळापर्यंत



सोनारीत काय बोलायचं, हे ठरवून आम्ही आलो नव्हतो असं नाही. टिपणं तयार होती. पण दुपारी भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात माकडांच्या उड्या बघत बसलो असताना आठवी-नववीतला एक मुलगा जवळ आला आणि त्याने सरळ विचारलं, "सर, माणूस कधीतरी प्रकाशाच्या वेगाने अवकाशात जाईल का?" आम्ही त्याला म्हटलं, संध्याकाळी ये, सगळ्यांसमोर सांगतो. तो आला आहे, पुढेच बसला आहे. म्हणून टिपणं बाजूला ठेवून आज त्याच्याच प्रश्नावर बोलतो.

उत्तर आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाला ताटकळत बसायला नको. बरोबर प्रकाशाच्या वेगाने माणूस कधीच जाणार नाही. त्या वेगाच्या अगदी जवळ जायला मात्र निसर्गाचा कुठलाही नियम आडवा येत नाही. आडवा येतो तो खर्च. आणि एवढा खर्च करून कुणी गेलाच, तर तो परत येईल तेव्हा त्याची वाट बघणारं कुणी उरलेलं नसेल. आता हे उत्तर माणसाला कसं मिळालं, ही साडेतीनशे वर्षांची गोष्ट आहे. तिची सुरुवात आपण इथून जवळच, परांड्याच्या किल्ल्यावर करू.

परांड्याच्या किल्ल्यावर आजही तोफा आहेत, तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या असतील. पण परांड्याची सगळ्यात नावाजलेली तोफ आज परांड्यात नाही. मलिक-ए-मैदान, आपण जिला 'मुलुखमैदान' म्हणतो, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, ती ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली असं नव्हे, त्याने ती माणसं आणि जनावरं जुंपून ओढत नेली, असं म्हणायला हवं. पन्नास टनांहून जड असं ते धूड. आजही ते विजापूरच्या बुरुजावर आहे.

आता कल्पना करा. परांड्याच्या बुरुजावर तोफ उडाली आणि तुम्ही एक कोसावर, म्हणजे साधारण तीन किलोमीटरवर, शेतात उभे आहात. आधी काय होईल? जाळ दिसेल. मग तुम्ही मनात नऊपर्यंत आकडे मोजाल आणि तेव्हा कुठे आवाज येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्याला तीन किलोमीटरला नऊ सेकंद लागतात. हे तोफखान्यातल्या कुठल्याही गोलंदाजाला अनुभवाने माहीत होतं. युरोपात सतराव्या शतकात गासेंदी, मर्सेन अशा अभ्यासकांनी याच रीतीने आवाजाचा वेग मोजला: लांब उभं राहायचं, जाळ दिसला की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं.

या मोजणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, लक्षात आली का? जाळ दिसला त्याच क्षणी तोफ उडाली, असं आपण धरून चालतो. म्हणजे प्रकाशाला यायला वेळच लागत नाही. हे खरं आहे का, असं विचारणारा माणूस म्हणजे गॅलिलिओ. मुलुखमैदान विजापूरला गेल्यावर सहाच वर्षांनी, १६३८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. रात्री दोन माणसांनी झाकलेले कंदील घेऊन दूर उभं राहायचं. पहिल्याने कंदील उघडायचा, तो दिसताच दुसऱ्याने आपला उघडायचा. पहिल्याला दुसऱ्याचा उजेड किती उशिराने दिसतो, ते बघायचं. उशीर काही सापडला नाही. गॅलिलिओने प्रामाणिकपणे एवढंच लिहिलं, की प्रकाश क्षणात पोचत नसेल, तर तो विलक्षण वेगाने जात असला पाहिजे. आज आपण हिशेब केला तर दोन किलोमीटर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा सुमारे पाऊण लाखावा भाग लागतो. कंदिलाचं झाकण उघडायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. प्रयोग चुकीचा नव्हता, अंतर कमी पडत होतं.

मोठं अंतर मिळालं ते आकाशात. ओले रोमर हा डेन्मार्कचा तरुण पॅरिसच्या वेधशाळेत काम करत होता. गुरू ग्रहाला आयो नावाचा एक चंद्र आहे. तो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या सावलीत शिरून दिसेनासा होतो. हे ग्रहण घड्याळासारखं ठरल्या वेळी व्हायला हवं. पण वर्षाच्या काही महिन्यांत ते उशिरा व्हायचं, काही महिन्यांत लवकर.

का, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही दिंडीबरोबर पंढरपूरकडे चालला आहात. घरून रोज सकाळी बरोबर सहाला एक माणूस तुमच्यासाठी भाकरी घेऊन निघतो. पहिल्या दिवशी ती आठला मिळाली. दुसऱ्या दिवशी दिंडी पुढे सरकलेली, भाकरी दहाला आली. तिसऱ्या दिवशी बाराला. घरचा माणूस उशिरा निघतोय का? नाही, तुमचा मुक्काम लांब जातोय. आणि परतीच्या वाटेवर तीच भाकरी रोज लवकर मिळायला लागेल. रोमरने हेच ओळखलं. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणाची बातमी घेऊन येणाऱ्या प्रकाशाला जास्त वाट चालावी लागते. त्याने जाहीर केलं की १६७६ च्या ९ नोव्हेंबरचं ग्रहण दहा मिनिटं उशिरा दिसेल. ते तसंच दिसलं.

आपल्याकडे रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे त्या दिवशी पक्कं झालं. हायगेन्सने रोमरच्या निरीक्षणांवरून जो वेग काढला तो आजच्या हिशेबात सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास येतो. खरा आकडा त्याहून मोठा आहे, पण चूक लाखाची नाही, पाऊण लाखाची आहे. पहिल्या मोजणीला हे फार चांगलं. १७२८ मध्ये ब्रॅडलीने ताऱ्यांच्या जागेतल्या बारीक बदलांवरून, १८४९ मध्ये फिझोने फिरत्या दातेरी चाकाने, १८६२ मध्ये फूकोने फिरत्या आरशाने तो अधिकाधिक नेमका केला. आज तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा धरला जातो, आणि १९८३ पासून मीटर या मापाची व्याख्याच या आकड्यावरून केली जाते.

इथे श्रोत्यांमधून हमखास एक प्रश्न येतो, म्हणून तो आम्हीच घेतो. सायणाचार्यांनी चौदाव्या शतकात ऋग्वेदावरच्या भाष्यात सूर्य अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं जातो असं म्हटलं आहे, मग प्रकाशाचा वेग आपल्याला आधीच माहीत होता ना? मंडळी, तो उल्लेख भाष्यात आहे, हे खरं. पण योजन किती मोठं हे वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळं आहे, निमिषही तसंच. त्यातलं सोयीचं योजन आणि सोयीचं निमिष निवडलं की आधुनिक आकडा जुळतो, दुसरं निवडलं की जुळत नाही. आणि मुख्य म्हणजे तो आकडा कसा मोजला, हे तिथे सांगितलेलं नाही. रोमरचा आकडा चुकला होता तरी त्याची रीत आपल्यासमोर आहे, त्यामुळे पुढच्यांना चूक दुरुस्त करता आली. सायणाचार्यांची विद्वत्ता मोठीच आहे. तिला हे उसनं श्रेय लावायची गरज नाही.

आता वेग कळला. मग प्रश्न आला, त्या वेगाला गाठता येईल का? एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला यात काही अशक्य वाटत नव्हतं. घोड्यापेक्षा आगगाडी वेगवान झाली, तसं पुढे काहीतरी निघेल. पण १८८७ मध्ये अमेरिकेत मायकेलसन आणि मोर्ली यांनी एक प्रयोग केला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने धावते आहे. तेव्हा तिच्या धावण्याच्या दिशेने आणि आडव्या दिशेने सोडलेल्या प्रकाशाच्या वेगात थोडा तरी फरक दिसायला हवा होता. फरक सापडला नाही.

१९०५ मध्ये आइन्स्टाइनने ही गोष्ट खरी मानून पुढचा विचार केला. प्रकाशाचा वेग मोजणारा कसाही धावत असो, त्याला तो तेवढाच मिळतो. हे कबूल केलं की दुसरं काहीतरी सोडावं लागतं. सोडावी लागते ती आपली एक घट्ट समजूत, की सगळ्यांचा काळ एकाच गतीने चालतो. धावणाऱ्याचं घड्याळ, थांबलेल्याच्या हिशेबाने, हळू चालतं. रोजच्या वेगांना हा फरक इतका बारीक की कुणाला कळत नाही. प्रकाशाच्या जवळ गेलं की तो भलताच वाढतो.

त्याच सिद्धांतातून खर्चाचा हिशेब येतो. आपल्या भागात उसाची ट्रॉली चढावर ओढणारा ट्रॅक्टर सगळ्यांनी पाहिला आहे. आता असा चढ मनात आणा, जो जितकं वर जावं तितका उभा होत जातो आणि शेवटी भिंतीसारखा सरळ होतो. ट्रॅक्टर कितीही मोठा घ्या, डिझेल कितीही घाला, माथा येतच नाही. वजन असलेल्या कुठल्याही वस्तूला प्रकाशाचा वेग गाठायला अनंत ऊर्जा लागते. माथ्याच्या जवळ जाता येतं, माथ्यावर पाय ठेवता येत नाही.

जवळ म्हणजे किती जवळ? जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सत्तावीस किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉन पळवतात. तिथल्या प्रयोगांत आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोकही आहेत. तिथला प्रोटॉन प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त तीन मीटरने मागे असतो. तीन मीटर म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलीचा वेग. एवढीशी उणीव भरून निघत नाही, अख्ख्या यंत्राचा जोर लावला तरी.

इथपर्यंतची नावं सगळी युरोप-अमेरिकेची झाली. आता मुंबईला येऊ.

होमी जहांगीर भाभा यांना आपण अणुऊर्जेसाठी ओळखतो. ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत जन्म, १९२७ मध्ये शिकायला केंब्रिजला. घरच्यांना वाटत होतं पोराने इंजिनिअर व्हावं, पोराचं मन भौतिकशास्त्रात. तिथे त्यांचा विषय होता विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येऊन आदळणारे कण. त्या काळात या किरणांत एक नवा कण सापडला होता, इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोनशे पटीने जड. जपानच्या युकावा यांनी साधारण अशाच एका कणाचं भाकीत १९३५ मध्ये केलेलं होतं, त्यामुळे तो हाच, असं सगळ्यांना वाटलं. पुढे १९४७ मध्ये कळलं की हे दोन वेगळे कण आहेत, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो म्युऑन.

१९३८ च्या सुरुवातीला भाभांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण लिहिलं. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस. त्यांनी म्हटलं, हा जड कण आपोआप मोडणारा असला पाहिजे. आणि जो कण ठरावीक वेळाने आपोआप मोडतो, तो म्हणजे एक घड्याळच. हे घड्याळ प्रचंड वेगाने धावत असेल तर सापेक्षतेच्या नियमाने ते हळू चाललं पाहिजे, म्हणजे धावणारा कण थांबलेल्या कणापेक्षा जास्त काळ जगला पाहिजे. आइन्स्टाइनचं म्हणणं तपासायला माणसाने घड्याळ घेऊन धावायची गरज नाही, निसर्गाने घड्याळं आधीच धावायला सोडलेली आहेत.

या एका वाक्याचं मोल बघा. म्युऑन थांबलेला असेल तर सरासरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट एवढाच जगतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटर जातो. म्युऑन तयार होतात ते आपल्या डोक्यावर सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर. काळ सगळ्यांचा सारखा असता, तर जमिनीपर्यंत जवळजवळ एकही पोचला नसता. प्रत्यक्षात हाताचा तळवा असा आडवा धरा. साधारण दर सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातो आहे. आत्ता, इथे, सोनारीत. प्रत्येकाच्या तळव्यातून.

हे मोजून दाखवलं ते दुसऱ्यांनी. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत डोंगरावर आणि खाली म्युऑन मोजून काळ लांबतो हे दाखवलं. १९६३ मध्ये फ्रिश आणि स्मिथ यांनी एका डोंगरमाथ्यावर तासाला सुमारे ५६३ म्युऑन मोजले. काळ सारखा असता तर समुद्रसपाटीला त्यातले सत्तावीसच्या आसपास उरायला हवे होते. मिळाले चारशेच्या वर. भाभांच्या घड्याळाने साक्ष दिली.

भाभा १९३९ मध्ये सुट्टीला घरी आले, युद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. आधी बंगळूर, मग १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था. मुंबईत तिचं काम सुरू झालं ते पेडर रोडवरच्या, त्यांच्या एका नातेवाइकाच्या घरात. विश्वकिरणांचा अभ्यास त्या संस्थेने सोडला नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर आणि ऊटीच्या डोंगरावर तिने कणांची मोजणी केली, ऊटीला अजून चालू आहे. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. त्यांच्यावरच्या भाषणांत अणुभट्ट्या येतात, हे घड्याळ क्वचित येतं. आम्हाला वाटतं ते यायला हवं.

कुणी म्हणेल, कण ठीक आहे, माणसाचं काय? माणसालाही हाच नियम लागू आहे. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जवळजवळ तीन आठवडे राहून आले. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. हिशेब केला तर ते आपल्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने तरुण राहून परतले. तुमच्या खिशातला मोबाइल रस्ता दाखवतो तोही हाच हिशेब करून. जीपीएस उपग्रहांची घड्याळं वेगामुळे रोज सात मायक्रोसेकंद मागे पडतात आणि वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जातात. अडतीसचा हा फरक रोज दुरुस्त केला नाही, तर दिवसभरात रस्ता दहा किलोमीटरने चुकेल.

मग माणूस आज कुठवर आला आहे? १९६९ मध्ये अपोलो-१० चे तीन अंतराळवीर चंद्रावरून परतताना सेकंदाला ११ किलोमीटरवर गेले. प्रकाशाच्या वेगाचा हा सत्तावीस हजारावा भाग. माणसाविना जाणाऱ्या यानांत पार्कर यानाने डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किलोमीटर गाठले, तोही प्रकाशाच्या वेगाचा पंधराशेवा भाग. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटरने चाललं आहे. त्या वेगाने सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील.

खर्चाचाही एक आकडा सांगतो. यान सोडा, इंधन सोडा, नुसता सत्तर किलोचा एक माणूस प्रकाशाच्या ९९ टक्के वेगावर न्यायचा. त्याला जेवढी ऊर्जा द्यावी लागेल तेवढी वीज तयार करायला आख्ख्या भारतातल्या सगळ्या वीज केंद्रांना आजच्या हिशेबाने सहा वर्षं लागतील. शिवाय थांबायला तेवढीच, परत निघायला तेवढीच. वाटेत अवकाशात विखुरलेले हायड्रोजनचे अणू त्या वेगाला घातक किरणांसारखे अंगावर येतील, ते वेगळंच.

प्रकाशाच्या पुढे पळणारं काही असेल का, हाही प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला आहे. १९६२ मध्ये बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. देशपांडे नाव ऐकून तुमचे कान टवकारले ना? आमचेही टवकारले होते. सुदर्शन मूळचे केरळचे, काही वर्षं टाटा संस्थेत होते. त्यांचा मुद्दा असा, की प्रकाशाचा वेग ओलांडता येत नाही हे खरं, पण जन्मापासूनच त्याच्या पलीकडे असलेल्या कणांना समीकरणं मनाई करत नाहीत. १९६७ मध्ये फाइनबर्ग यांनी अशा कणांना 'टॅकिऑन' नाव दिलं. १९७६ मध्ये जयंत नारळीकर आणि सुदर्शन यांनी मिळून टॅकिऑन आणि विश्वरचना यांवर निबंध लिहिला. टॅकिऑन आजवर सापडलेला नाही. २०११ मध्ये इटलीतल्या एका प्रयोगात न्यूट्रिनो कण प्रकाशाच्या आधी पोचल्याचं दिसलं, जगभर बातम्या झाल्या. त्याच शास्त्रज्ञांनी सगळं पुन्हा तपासलं, तर एक केबल नीट बसलेली नव्हती. त्यांनी ते जाहीर केलं आणि विषय संपला.

नारळीकरांचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो. जन्म १९३८, कोल्हापूर. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे आणि सापेक्षतेवर संशोधन करायचे, म्हणजे आइन्स्टाइन या घरात आधीपासून येऊन-जाऊन होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाच्या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचा, म्हणजे लेखक कोण ते कळेल. आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये, एवढाच हेतू. पुण्याच्या आयुका संस्थेची उभारणी करून, मराठी घराघरात विश्वविज्ञान पोचवून ते २० मे २०२५ ला गेले. या आयुकाचा सहभाग असलेली लायगो-इंडिया वेधशाळा आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहते आहे. परदेशातल्या अशाच वेधशाळांनी १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. तेरा कोटी वर्षं प्रवास करून त्या लहरी आणि त्याच टकरीचे गॅमा किरण दोन सेकंदांच्या आत पाठोपाठ पोचले. गुरुत्वाकर्षणालाही हीच वेगमर्यादा आहे.

आता मुलाच्या प्रश्नातला शेवटचा भाग. समजा खर्च परवडला, किरणांपासून बचाव झाला आणि कुणी निघालंच. अभिजित तारा पंचवीस प्रकाशवर्षांवर आहे. पंचवीस वर्षांची एक आई तान्हं मूल आजीकडे ठेवून ९९ टक्के वेगाने तिथे जाऊन लगेच परतली. तिच्या घड्याळाने सात वर्षं झाली. ती बत्तीसची. इथे पन्नास वर्षं उलटली. तिचं तान्हं पन्नास वर्षांचं झालं आहे, केस पिकलेत, आणि आजी नाही. आई आपल्या लेकापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. यात जादू काही नाही, तळव्यातून जाणाऱ्या म्युऑनचाच हा हिशेब आहे.

आपल्या पुराणात राजा ककुद्मीची गोष्ट आहे. मुलगी रेवती हिला चांगला वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चाललं होतं, संपेपर्यंत थांबला. मग विचारलं, तर ब्रह्मदेव हसले. म्हणाले, तू ज्यांचा विचार करून आलास त्यांचे नातू-पणतूही आता राहिले नाहीत, खाली सत्तावीस चतुर्युगं झाली. शेवटी रेवती बलरामाला दिली. या गोष्टीत कुठेही वेगाचा उल्लेख नाही, तेव्हा हिला सापेक्षतेचा पुरावा करू नका. पण परत आल्यावर ओळखीचं दार न सापडण्याचं दुःख ज्याने ही गोष्ट रचली त्याला कळलं होतं.

सोनारीकरांना ते जास्त कळेल. या गावातून, या तालुक्यातून किती घरं पुण्या-मुंबईला गेली आहेत. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला ती परत येतात, कारण इथे कुणीतरी थांबलेलं असतं आणि दोघांचा काळ बरोबरीने चाललेला असतो. म्हाताऱ्या माणसाला वर्षाने भेटलं तर ते वर्षानेच थकलेलं दिसतं. ताऱ्यांकडे जाणाऱ्याला ही सोय नाही. म्हणून आम्हाला वाटतं, असा प्रवास झालाच कधी, तर तो एकट्या वीराचा नसेल. अख्खं गाव उठून जाईल, परत यायचं नाही असं ठरवूनच जाईल.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाला उत्तर असं. प्रकाशाच्या वेगाने नाही. जवळच्या वेगाने, आज नाही, पुढचं तुम्ही बघायचं. घरी जाताना एक काम कर. रात्री अकरा-साडेअकराला ईशान्येला बघ, एक ठसठशीत पांढुरका-निळसर तारा वर येत असेल. तोच अभिजित. तुझ्या डोळ्यात शिरणारा तो उजेड पंचवीस वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे, तुझा जन्म व्हायच्या आधी. आईला बाहेर बोलव आणि तिला विचार, त्या वर्षी ती काय करत होती.